पुठ्ठ्याची रिक्षा

पोटावरचा विनोद राहू दे, छातीवरचा काढ, असं मी पुतण्याला सांगितलं तेव्हा तो माझ्या दुकानात कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून माझाच चहा पीत होता. गणपती तोंडावर आले होते. मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून त्याच्या हातात कायम एक फाईल असायची. ती उघडून त्याने मला यंदाचा देखावा वाचून दाखवला होता. वाचताना तो स्वतःच हसत होता. मी हसले नाही.

नगरमध्ये माझं ड्रेपरीचं दुकान आहे. शाळांच्या गॅदरिंगला लागणारे मावळे, जिजाऊ, सैनिक, फुलपाखरू, गाजर, सगळं माझ्याकडे भाड्याने मिळतं. जिल्ह्याचं नाव बदललं, पाटीवरचं मी अजून बदललेलं नाही. सुरुवात केली ती घरातल्या एका शिलाई मशीनवर. श्रीगोंद्याच्या खेड्यातून आलेली, दहावी झालेली बाई. सुरतेच्या व्यापाऱ्याने पहिल्या खेपेला मला दारात उभं ठेवलं होतं. आता तो फोनवर आधी माझा मूड कसा आहे ते विचारतो. मी तापट आहे, हे मला लोकांनी सांगायला नको. पण तापून मी कधी नुकसानीचा सौदा केला नाही, हेही तितकंच खरं. निदान त्या दिवसापर्यंत.

आमच्या मंडळाचा देखावा जिवंत असतो. म्हणजे मूर्तीऐवजी माणसं उभी राहतात. पण बोलत नाहीत. संवाद, संगीत, गडगडाट, सगळं आधी स्टुडिओत रेकॉर्ड करून ठेवतात आणि स्टेजवरची माणसं त्या आवाजावर नुसते ओठ आणि हातपाय हलवतात. एकदा रेकॉर्ड झालं की संपलं. शेवटचे पाच-सहा दिवस रोज संध्याकाळी तोच खेळ पुन्हा पुन्हा होतो, गर्दी पुढे सरकते, नवी येते.

वीसेक वर्षांपूर्वी याच स्टेजवर तीन वीर असायचे. एक उचलणारा, एक पळणारा, एक लांबचं पाहणारा. कुठल्या सिनेमातले नव्हेत, आमच्या गल्लीनेच बनवलेले. उचलणारा म्हणजे माझा नवरा. ते नागापूरला कारखान्यात होते, प्रेसशॉपला. मूळचे देवळाली प्रवरेकडचे, हाडापेराने दांडगे. पळणारे म्हणजे मिशनच्या शाळेतले सर, आमच्या मागच्या गल्लीतले, नाताळला घरोघरी केक पाठवणारे. आणि लांबचं पाहणारे टेम्पो चालवायचे. त्या काळी शेवटच्या प्रसंगात माझा नवरा पुठ्ठ्याची रिक्षा डोक्यावर उचलायचा आणि रिक्षात एक खरं पोर बसलेलं असायचं. तीन वर्षं ते पोर म्हणजे हा पुतण्या होता. खाली उतरल्यावर तो यांचा हात सोडायचा नाही. गल्लीतली पोरं यांना नावाने हाक मारायची नाहीत, उचलणारे काका म्हणायची.

मग कारखान्याच्या पाळ्या, माझं दुकान, पोरींची लग्नं. देखावा नव्या मुलांकडे गेला. आणि मागच्या दिवाळीत यांच्या छातीत कळ आली. एक स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, जड उचलू नका, दम लागला की थांबा. यांनी त्यातलं फक्त शेवटचं ऐकलं. थांबले. कारखान्याने सुट्टी दिली ती संपली, तरी हे गेले नाहीत. दुकानात एका स्टुलावर बसून मुकुटांना मणी चिकटवायचे. वरच्या फळीवरची पेटी काढायची असली की माझ्याकडे बघायचे, परवानगी असल्यासारखं. रात्री कूस बदलताना सुद्धा जपून. पंचावन्नाव्या वर्षी माणूस असा घडी घालून ठेवलेल्या कपड्यासारखा झाला होता. ते तसेच राहणार की परत उठणार, एवढाच प्रश्न वर्षभर माझ्या डोक्यात होता. त्यात पुतण्या हा देखावा घेऊन आला.

गोष्ट अशी होती. मोबाईलचा राक्षस शहरातली पोरं गिळतो. लोक जुन्या तीन वीरांना हाक मारतात. ते येतात, पण म्हातारे झालेले. पळणाऱ्याचा गुडघा मोडतो. लांबचं पाहणाऱ्याला चष्म्याशिवाय राक्षसच दिसत नाही. उचलणारा पोरांना सोडवायला रिक्षा उचलायला जातो आणि छाती धरून खाली बसतो. राक्षस म्हणतो, आजोबा, गोळी घेतली का? मग जिममधला एक तरुण वीर येतो आणि एका हाताने रिक्षा उचलतो.

"आणि हे काम तू यांनाच देणार," मी म्हणाले.

"काकू, ओरिजिनल माणसं पाहिजेत. लोकांना ओळख आहे ना त्यांची. आणि हसायला पाहिजे. पलीकडच्या मंडळाने खऱ्या पाण्याचा धबधबा केलाय. आमच्याकडे कोण थांबणार?"

"हसू देत. पण रिक्षा हे उचलणार. तुझा तो जिमवाला नाही."

त्याने स्टुलाकडे पाहिलं. "काकांना झेपेल?"

"पुठ्ठ्याची आहे ना?"

"पुठ्ठा आणि बांबू. पण..."

"मग पण कशाला?"

स्टुलावरून आवाज आला, "अगं, हसली माणसं तर काय बिघडतंय? गणपती हाय. मी बसतो की छाती धरून. तेवढं मला येतंय."

"तुम्ही मणी चिकटवा," मी म्हणाले.

पुतण्याने भाड्याचा विषय काढला. त्याला वाटलं मला तिथे ओढावं. मी म्हणाले, "भाड्याचं नंतर. आज वाक्यांचं बोल. कपडे माझे आणि आत घालायचा माणूसही माझा. दोन्ही एकदम मिळतील, नाहीतर एकही नाही."

मग आम्ही एकेक वाक्य घेऊन बसलो. मी कापडाचा ताका उलगडून बघते तसं प्रत्येक वाक्य उजेडात धरलं. पोट सुटलंय, चालेल. ते खरंच सुटलंय. चष्मा हरवला, चालेल. गुडघा, सरांना विचारून. सर म्हणाले, "ठेवा हो, माझा गुडघा सगळ्या नगरला माहीत आहे." गोळी, नाही. आजोबा, नाही. छाती धरणं, नाही. त्याच्या बदल्यात मी त्याला राक्षसाचा पोशाख नवा शिवून द्यायचं कबूल केलं, आत फोम भरून फुगवलेला, चालताना डुलणारा. शेवटी ठरलं की तिघंही धडपडतील, लोक हसतील, पण रिक्षा उचलणारा उचलेल आणि पोरं सुटतील. तरुण वीर काढून टाकला. पुतण्याचा चेहरा पडला होता. मला बरं वाटलं. सौदा चांगला झाला की समोरच्याचा चेहरा पडतोच.

माझा विश्वास कुणावर नसतो, म्हणून रेकॉर्डिंगला मी स्वतः स्टुडिओत गेले. काचेमागे बसून वाक्यन् वाक्य ऐकलं. ठरलेलं तेच बोललं गेलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी समाधानाने घरी आले आणि यांचा जुना जांभळा पोशाख काढला. तो आता मागून मिटेना. दोन्ही बाजूंना पट्टी जोडली, सोनेरी पट्टा मोठा केला. चेन लावली ती पहिल्याच तालमीत उसवली, दुसरी तुटली. मग मी पाठीवर वरपासून खालपर्यंत हूक लावले. हूक तुटत नाहीत. फक्त लावायला माणूस लागतं.

तालमी दुपारी मांडवात व्हायच्या. हे पहिले दोन दिवस मला विचारून पायरी चढले. तिसऱ्या दिवशी टेम्पोवाल्यांनी यांना बघून म्हटलं, "उचलनाऱ्या, तुझ्या रिक्षा आता मला दोन दोन दिसायला लागल्यात. कुठली उचलतोस ते आधी सांग." हे मोठ्याने हसले. असं हसणं मी दिवाळीपासून ऐकलं नव्हतं. पुठ्ठ्याच्या रिक्षाला वजन कितीसं असणार, पण हे वाकले, बोटं खाली सरकवली, मान आखडली, पोटऱ्या थरथरल्या, आणि ती रिक्षा खरी झाली. सजावटीची पोरं हातातलं काम टाकून बघत राहिली. अंगात एवढी कला असताना वर्षभर मणी चिकटवत बसले होते.

तरी माझ्या मनात धाकधूक होतीच. हवा जायला फट नसलेला पोशाख, वर दिव्यांचा उकाडा, संध्याकाळभर पुन्हा पुन्हा हात डोक्यावर. मी खूण ठरवून घेतली. दम लागला की हात पट्ट्याच्या बकलावर ठेवायचा. मी विंगेत पडद्याची दोरी धरून उभी राहीन. हात बकलावर गेला की पडदा.

"व्हय," हे म्हणाले. "पन उगंच वढू नको."

पहिला खेळ सुरू झाला तेव्हा रस्ता भरलेला होता. बायका कडेवर पोरं घेऊन, म्हातारे खुर्च्यांवर. राक्षस तलवार घेऊन डुलत आला. सर पळत आले, आणि त्यांनी गुडघा वाकवताच स्पीकरमधून सुकलेली काटकी मोडावी तसा आवाज आला. कट्ट. हे रेकॉर्डिंगच्या वेळी नव्हतं. लोक हसले. माझे कान टवकारले. टेम्पोवाले डोळ्यांवर हात धरून भलतीकडे बघायला लागले तर स्पीकरमधून बोकड ओरडला. मग हे पुढे आले. ढोल वाजला. हे वाकले, बोटं रिक्षाखाली सरकवली, आणि बरोब्बर त्याच क्षणी स्पीकरमधून फुग्यातली हवा जावी तसा लांबलचक आवाज आला. फुस्स. त्याच्यामागे हसणं. आमच्या लोकांचं नव्हे, रेकॉर्ड केलेलं, शेकडो माणसांचं हसणं. ते ऐकून समोरचे लोकही हसले. यांची मान आखडलेली, पोटऱ्या थरथरतायत, आणि लोकांना त्यात फक्त हवा गेलेला म्हातारा दिसला. पुढे यांनी रिक्षा उचलली, पण तोवर कुणी ती बघत नव्हतं.

पडदा पडला तशी मी साउंडच्या टेबलाकडे गेले. पुतण्या तिथेच उभा होता.

"हे ठरलं नव्हतं."

"काकू, वाक्य एक बदललेलं नाही. तुम्ही स्वतः बसला होता."

"हा आवाज कुठून आला?"

"आवाजाचं कुठे बोलणं झालं होतं? तुम्ही वाक्यांचं बोलला." तो नजर चुकवत होता, पण थोडं हसतही होता. "तुमच्याकडूनच शिकलो. सौद्यात जे बोललं नाही ते सौद्यात नाही."

इतक्या वर्षांत व्यापाऱ्यांनी मला कापडात फसवलं असेल, रंगात फसवलं असेल. पण ज्याला यांनी डोक्यावर धरून गावाला दाखवलं, त्याने मला आवाजात फसवलं. मी त्याला म्हणाले की आत्ताच्या आत्ता सगळे कपडे उतरवून नेते. तुझा राक्षस बनियनवर उभा कर. पुढच्या खेळाची गर्दी दोरीबाहेर जमली होती. मी मागे जाऊन यांच्या पाठीचे हूक काढायला घेतले.

"थांब," हे म्हणाले.

"नाही थांबत. तो आवाज काढणार नाही तोवर..."

"आवाज न्हाई निघायचा. रेकॉर्डिंग हाय ते, त्याच्या येळंला ते वाजनारच." मग जरा थांबून, घाम पुसत, "पन मी कुटं रेकॉर्डिंग हाय? पुढचा खेळ हुऊ दे."

मी हूक परत लावले. का लावले, ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांच्या आवाजात स्टुलावरचा माणूस नव्हता, हे एक.

दुसरा खेळ. ढोल वाजला. हे वाकले नाहीत. रिक्षापाशी उभे राहून त्यांनी राक्षसाकडे पाहिलं. आता आवाज येणार हे मला माहीत होतं, पुतण्याला माहीत होतं, आणि हे रिकामे उभे. मग अगदी सावकाश यांनी एक बोट पुढे केलं आणि माझ्या हाताने फोम भरलेल्या त्या राक्षसाच्या पोटात टोचलं. फुस्स. राक्षस झालेल्या पोराला काही ठाऊक नव्हतं. आवाज ऐकून तो आपोआप खाली बसत गेला, खरंच हवा गेल्यासारखा. रेकॉर्ड केलेलं हसणं वाजलं ते कुणाला ऐकूच आलं नाही, इतके समोरचे लोक हसले. खुर्चीवरचे एक म्हातारे काठी आपटत होते.

पण मी हसू शकले नाही, कारण मला रेकॉर्डिंग पाठ होतं. हसण्यानंतर थोडी शांतता होती, आणि लगेच निवेदकाचं वाक्य होतं, की आणि वीराने रिक्षा उचलली. आधी जे सावकाश करायचं होतं त्याला आता तेवढीशी शांतता उरली होती. हे वाकले. डावा हात रिक्षाखाली गेला. उजवा हात बकलावर गेला.

मी दोरी दोन्ही हातांनी धरली. ओढायची. ठरलं होतं. बोटं बकलावर होती, मला स्पष्ट दिसत होती. यांचं तोंड दिव्यात पांढरं दिसत होतं, पण दिव्यात सगळ्यांचंच दिसतं. मी ओढली असती तर तो फुस्स कायमचा यांच्या नावावर राहिला असता. नाही ओढली तर, ते मी मनात पुरं सुद्धा केलं नाही. माझा हात हलला नाही. तो मी थांबवला की तो थांबला, हे मी आजही सांगू शकत नाही. उजवा हात बकलावरून निघाला, रिक्षाखाली गेला, आणि एका हिसक्यात ती वर गेली. निवेदकाचं वाक्य बरोबर तिच्याखाली येऊन बसलं. मग टाळ्या. हात ताठ, रिक्षा जराही हलत नव्हती, आणि त्यांच्या काखेखालचा जांभळा कपडा काळा पडत चालला होता.

पडद्यामागे मी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, हूक उघडले, पाणी दिलं. पाठ धपापत होती.

"हात बकलावर ठेवला होता ना?"

"पट्टा घसरत हुता. तूच मोठा शिवलास."

"खरं सांगा."

"खरंच सांगतोय." पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी बाटली माझ्याकडे न बघता परत दिली. "तू वढली न्हाईस."

यात शाबासकी होती की तक्रार, हे मी विचारलं नाही.

तेवढ्यात सर आले. गुडघ्याला क्रेप बँडेज. उत्साहाने म्हणाले, "वहिनी, राक्षसाची तलवार लाकडी आहे की प्लायची? मला ती गुडघ्यावर मोडायची आहे. त्या कट्टला."

"प्लायची आहे, आधीच अर्धी कापून देते," मी म्हणाले, आणि कात्रीऐवजी करवत शोधायला लागले.

"आन माझ्या बोकडाचं काय?" टेम्पोवाले चष्मा पुसत म्हणाले. "माझ्या टायमाला बोकड वरडतो. मी काय करू, चारा घालू?"

"राक्षसाला घाला," हे म्हणाले.

तिसऱ्या खेळात सरांनी तलवार मोडली, टेम्पोवाल्यांनी राक्षसापुढे कोथिंबिरीची जुडी धरली, आणि पुतण्याने मोठ्या हौसेने भरलेला प्रत्येक आवाज त्याच्याच राक्षसावर जाऊन पडला. त्याला काही करता येईना. थांबवावं तर गर्दी जाईल. लोक एकदा बघून पुन्हा मागच्या बाजूने येऊन उभे राहत होते. धबधब्याची गर्दी आमच्याकडे वळली, हे मी सांगत नाही, धबधबावाले सांगत होते.

दुसऱ्या दिवशी पुतण्या मांडवाबाहेर कुणा पत्रकाराला सांगत होता की म्हातारे वीरच खरे ताकदवान निघतात, हीच आमची कल्पना होती. मी तिथून चालले होते. त्याने मला पाहिलं आणि वाक्य तसंच पुरं केलं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेले नाही. यांना त्याचा राग नाही. तो घरी येतो, हे त्याच्याशी हसून बोलतात, मी आत भांडी घासते. काल तो पुढच्या वर्षाचं विचारायला आला होता. आतून मला यांचं उत्तर ऐकू आलं नाही, आणि मी बाहेर गेले नाही.

पण त्या पहिल्या संध्याकाळचा शेवटचा खेळ राहिला होता, तो सांगायचा आहे. गर्दी आत घेतली होती. सर आणि टेम्पोवाले जागेवर जाऊन उभे राहिले होते. हे अजून खुर्चीवरच होते, पोशाख पाठीवर उघडा, मणक्यावरून घाम वाहत होता. मला म्हणायचं होतं, बस झालं, दाखवलं तेवढं पुरे. तोंडापर्यंत आलं होतं. पण वर्षभर ज्यांना मी उठा म्हणत होते, त्यांना आता बसा कसं म्हणणार होते. आणि बसा म्हटलं नाही नि यांना काही झालं तर, हेही डोक्यातून जात नव्हतं.

बाहेर गणपतीची आरती संपल्याची घंटा वाजली. हे उठले. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, हात जरा बाजूला धरून, लहान मूल शाळेला निघताना उभं राहतं तसं. हूक लावायला माणूस लागतं, ते त्यांना माहीत होतं.

मी खालून सुरुवात केली. एकेक करत वर आले. त्यांच्या पाठीला हात लागला की आत ठोका जाणवत होता, जोराचा, पण सरळ. सगळ्यात वरचा हूक, मानेजवळचा, मी लावला नाही. तेवढी फट राहू दिली. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून पाहिली. मग पायरी चढले. मला न विचारता.

मी दोरीकडे गेले.